उद्यमनगरचे मिस्त्री आणि माझ्या गाडीचं बीसीएम

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं जुलैपासून मनात होतं, पण पाऊस संपेपर्यंत थांबले. माझ्या गाडीचा बिघाड पावसाच्या पाण्यानं झाला होता. दुरुस्ती खरी झाली की नुसती मलमपट्टी, हे पाऊस पडून गेल्याशिवाय कळणार नव्हतं. आता दसरा होऊन गेला. जुलै संपल्यापासून गाडीनं एकदाही दगा दिलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मी जनावरांची डॉक्टर. बालिंगा, कळे, साळवण, थेट गगनबावड्यापर्यंत फिरती असते. गाडी 2016 ची डिझेल एसयूव्ही, सात सीटची, 2020 मध्ये सेकंडहँड घेतलेली. 1,68,000 किलोमीटर झालेत. मागची सीट काढून तिथं औषधांची पेटी, कॅल्शियमच्या बाटल्या, दोऱ्या, गमबूट असा संसार आहे. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्युल), म्हणजे दिवे, वायपर, लॉक सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, असते आणि पाणी कुणाच्याही गाडीत शिरू शकतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली खोड दिसली. इंडिकेटर दिला की तो नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं टकटकायचा. बल्ब गेला असेल म्हणून पाहिलं, तर चारही बल्ब ठीक. मग एकदा भर उन्हात वायपर आपोआप फिरले. मग सकाळी बॅटरी उतरलेली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन निघाले. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी जंप ठरलेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री साळवणच्या पुढे एका वाडीवर म्हैस अडली होती. रेडकू उलटं आलेलं, सगळं निस्तरायला दोन तास गेले. रेडकू जिवंत निघालं. हात धुऊन गाडीत बसले तेव्हा पावणेदोन वाजले होते. चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, वायपर सुरू झाले, चारही दारं खटाखट लॉक-अनलॉक व्हायला लागली आणि सेल्फ काही लागेना. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला. बाहेर धो धो पाऊस, मोबाईलला एक काडी रेंज. त्या घरातल्या आजींनी मला आत बोलावून भाकरी खायला घातली आणि पोरीसारखं निजवलं. सकाळी सात वाजता चावी फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

असा बिघाड सगळ्यात वाईट. गाडी कायमची बंद पडली तर निदान कळतं तरी. येणारा-जाणारा बिघाड समोरच्याला दाखवता येत नाही, आणि दाखवता आला नाही की समोरचा अंदाजानं पार्ट बदलायला लागतो.

माझं तसंच झालं. ज्या वर्कशॉपला मी नेहमी गाडी देत होते तिथं आधी बॅटरी बदलली, 7,200 रुपये. नवी बॅटरी शनिवारी बसवली, रविवारी गाडी जागेवरच होती, सोमवारी सकाळी परत गार. पुन्हा घेऊन गेले. स्कॅनर लावला, एररची यादी छापून दिली आणि सांगितलं की बीसीएम गेलंय, सोबत पुढचं सगळं वायरिंग बदलावं लागेल, 58,000 रुपये होतील. मी विचारलं, वायरिंग का? म्हणाले, नाहीतर आम्ही गॅरंटी देऊ शकत नाही. मी विचारलं, बीसीएम कशानं गेलं? म्हणाले, जुनी गाडी आहे, होतं असं.

हे उत्तर मला पटेना. माझ्या धंद्यात व्यायल्यावर गाय बसली की गावातला कुणीही सांगतो, कॅल्शियम लावा. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ताप न बघता, कास न बघता कॅल्शियम लावलं आणि गाय खरं तर कासेच्या विषबाधेनं बसलेली असली तर बाटली फुकट आणि गाय हातची गेलेली. थर्मामीटर लावायला दोन मिनिटं लागतात. मला गाडीला थर्मामीटर लावणारा माणूस हवा होता.

उद्यमनगरातल्या या दुकानाचा पत्ता मला एका दूधगाडीवाल्यानं दिला. दुकान म्हणजे एक गाळा. दोन्ही बाजूंना लेथ, समोर कास्टिंगचे ढीग, दिवसभर खराद चाललेली. पाटी होती, तिच्यावरची अक्षरं पावसानं खाल्लीत. नाव आणि नंबर लिहू नका असं मिस्त्रींनीच सांगितलं, आहे तेवढं काम त्यांना झेपतंय. उद्यमनगरात कुणालाही ‘मॉड्युलचं काम करणारे मिस्त्री’ म्हणून विचारा, हात करून दाखवतील. वय पंचावन्नच्या पुढे असावं. हाताखाली दोन पोरं, त्यातली एक मुलगी आयटीआयला शिकते. तिला कामावर बघून मला बरं वाटलं.

मी एररची छापील यादी पुढं केली. त्यांनी ती घडी घालून बाजूला ठेवली आणि प्रश्न सुरू केले. पाऊस पडला की जास्त होतं का, का कधीही? गाडी धुतल्यावर होतं का? खराब रस्त्यावर होतं का सरळ रस्त्यावर? घरी गाडी कुठं लावता? तोंड उताराकडं का चढाकडं?

“झाडाखाली लावते,” मी म्हटलं.

“कसलं झाड?”

“गुलमोहर.”

“मग मॅडम, आधी हितं बघूया,” असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या शेजारची सीट मागं सारली आणि पाय ठेवायच्या जागेवर तळवा दाबला. कारपेट वरून कोरडं होतं. त्यांनी दाराची पट्टी उचकटली, कारपेट उचललं आणि खालचा फोम पिळला. अर्धा पेलाभर गढूळ पाणी निघालं. मी त्या गाडीत रोज बसते, रोज तिथं बॅग ठेवते, मला कधी कळलं नव्हतं.

बीसीएम म्हणजे काय ते मला याच गाळ्यात नीट समजलं, तेव्हा थोडक्यात सांगते. वडिलांच्या जीपमध्ये वायपरचं बटण दाबलं की बटणातून करंट थेट मोटरला जायचा. आता तसं नाही. वायपरची दांडी फक्त निरोप देते. निरोप बीसीएम नावाच्या पेटीला जातो आणि ती पेटी मोटरला करंट सोडते. इंडिकेटर, हॉर्न, काचा, सेंट्रल लॉक, आतला दिवा, हेडलाईट, सगळा कारभार तिच्याकडं. माझ्या गाडीत चावी ओळखायचं कामही तिचंच, म्हणून ती बिघडली की सेल्फ लागत नाही. ही पेटी इंजिनाच्या आणि एबीएसच्या (ब्रेकच्या) पेटीशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलते. त्या पद्धतीला कॅन म्हणतात, बॉशनं ती 1986 मध्ये जगापुढं आणली. माझ्या गाडीत बीसीएम डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या पायाजवळच्या प्लास्टिकमागं आहे. म्हणजे बरोबर पाणी साठत होतं त्याच्या वर.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी काहीही बदललं नाही. मीटर घेऊन अर्थिंग तपासत बसले. सगळे लाईट, पंखा, मागची काच तापवायचं बटण चालू ठेवायचं, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीवरच्या प्रत्येक अर्थपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघायचं. बाकी ठिकाणी 0.05, 0.08 असे आकडे. डाव्या पायाजवळच्या अर्थच्या बोल्टवर 0.9. “हितं पाव व्होल्टसुद्धा चालत नाही,” ते म्हणाले. बोल्ट सोडवला, खाली हिरवट-पांढरा थर. घासून चकचकीत केला, परत आवळला, आकडा 0.04 वर आला. मग म्हणाले, “यानंच भागलं तर तुमचं नशीब. चार दिवस फिरवा. नाहीच भागलं तर परत या, मग मोठं बघूया.” तीनशे रुपये घेतले.

कुणी बीसीएमचं ऑर्डर डोळे झाकून लिहून घेतलं असतं. गिऱ्हाईक आधीच 58,000 चा आकडा ऐकून आलेलं, घाबरलेलं. तिथं तीनशे रुपयांत घरी पाठवणं याला मी फार मानते.

चार दिवसांनी वायपर परत आपोआप फिरले आणि मी परत गेले. या वेळी गाडी तिथंच ठेवली.

दुसऱ्या फेरीत बॅटरी रात्रीत कशी उतरते ते त्यांनी मला दाखवलं. बॅटरीच्या निगेटिव्हला ओळीत मीटर लावला. बॉनेट उघडं, एक दार उघडं, पण दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवून बंद केली, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय. चावी लांब टेबलावर. मग थांबायचं. गाडी बंद केली तरी तिच्या पेट्या लगेच झोपत नाहीत, कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास लागतो. आम्ही चहा घेतला. शहाण्या गाडीचा आकडा 0.05 अँपिअरच्या खाली स्थिरावतो. माझ्या गाडीचा 1.8 वर जाऊन बसला होता. मधेच 0.3 वर उतरायचा, आणि लगेच आतून रिलेचा ‘टक्’ आवाज येऊन परत 1.8. झोपेतून दचकून उठणाऱ्या माणसासारखं. 1.8 अँपिअरनं रात्रीचे दहा तास म्हणजे 18 अँपिअर-तास गेले. बॅटरी 70 ची, त्यात माझ्या तुकड्या-तुकड्याच्या फेऱ्यांमुळे कधी पूर्ण न भरलेली. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की बॅटरी संपायला दुसरं कारणच नको. 7,200 ची नवी बॅटरी का गार पडली ते त्या एका आकड्यानं सांगितलं.

कुठला फ्यूज हा करंट खातोय ते शोधताना त्यांनी एकही फ्यूज उपटला नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक टोकं उघडी असतात, त्यांवर मीटर टेकवून मिलिव्होल्ट मोजत गेले. करंट जात असेल तिथं आकडा येतो. मी विचारलं, उपटून का बघत नाही? म्हणाले, फ्यूज काढला-घातला की झोपलेल्या पेट्या उठून बसतात आणि सगळा खेळ पहिल्यापासून. हे ऐकल्यावर माझी खात्री पटली की गाडी योग्य हातात आहे.

मग स्कॅनर. इंजिनाच्या आणि एबीएसच्या पेटीत एकच तक्रार नोंदलेली, यू-0140, म्हणजे बीसीएमशी बोलणं तुटलं. आधीच्या यादीतही हा कोड होताच. पण बोलणं तुटलं याचा अर्थ बोलणाराच मेला असा होत नाही, तार तुटलेली असू शकते, पुरवठा गेलेला असू शकतो. मिस्त्रींनी बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला. 60 ओहम आले. दोन्ही टोकांना 120-120 चे रेझिस्टर असतात, दोन्ही जागेवर असले की 60 च यायला हवेत. म्हणजे तारांची लाईन ठीक. मग बीसीएमच्या कपलरवर, म्हणजे तारा पेटीला जिथं जोडतात त्या जोडावर, मागच्या बाजूनं बारीक सुई घालून पुरवठा आणि अर्थ बघितले आणि मीटर तसाच लावून ठेवला. दुपारी चारच्या सुमारास खोड सुरू झाली, दारं खटाखट वाजली, स्कॅनरवरून बीसीएम गायब झालं. मीटरवर 12.5 व्होल्ट जसेच्या तसे.

“बघा मॅडम. खायला मिळतंय, पायाखाली जमीन आहे, रस्ता बरोबर आहे. तरी बोलत नाही. आता म्हणूया पेटी गेली.”

हे वाक्य ऐकायला मला तीन आठवडे आणि एक बॅटरी लागली.

पेटी त्यांनी माझ्यासमोर उघडली. भिंगाच्या दिव्याखाली धरली तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी जळालेलं दिसेल. जळालेलं काही नव्हतं. एका कपलरच्या खालच्या ओळीतल्या पाच पिनांवर मोरचुदासारखा हिरवा-निळा थर होता. तो थर पिनांच्या मुळाशी बोर्डवर पसरत पसरत दोन बारीक रेघांना जोडून बसला होता. जिथं दोन रेघांमध्ये कोरडी जागा हवी तिथं हिरवं शेवाळ. हवा दमट झाली की त्यातून करंट पाझरायचा, वायपर चालू व्हायचा. ऊन पडलं की थांबायचा. साळवणला रात्री बंद आणि सकाळी चालू का झाली तेही कळलं.

पण पाणी पेटीवर पडलं कसं? खालून फोम ओला असला तरी पाणी वर चढत नाही. आयटीआयच्या त्या पोरीनं ते शोधलं. वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी तिनं काढली आणि हात घालून मूठभर चिखल बाहेर काढला. गुलमोहराची बारीक पानं, चार पावसाळ्यांची, कुजून चहाच्या चोथ्यासारखी काळी झालेली. पाणी निघून जायचं भोक त्यानं बुजलं होतं. पाणी तुंबून पंख्याच्या तोंडाशी यायचं, तिथला सीलंट एक वीतभर तडकलेला, तिथून आत. आणि आत आल्यावर जाड वायरिंगवरून ओघळत थेट कपलरवर, कारण वायरिंग वरून खाली येऊन कपलरमध्ये घुसत होतं.

आता मी 58,000 रुपये भरून पेटी आणि वायरिंग नवं घातलं असतं, तर त्या नव्या पेटीवर पुढच्याच पावसात तेच पाणी पडलं असतं. मला राग आला तो पैशाचा नाही. तिकडं कुणी एकदाही कारपेट उचललं नव्हतं, याचा आला.

नवं, जुनं की दुरुस्त, यावर आम्ही बराच वेळ बोललो. बोर्ड धुऊन, रेघा जोडून चालवता येतो, ते स्वतः करतातही. पण ज्या पेटीवर सेल्फ अवलंबून आहे आणि गाडी रात्री आडवाटेला जाते तिथं मी ते देणार नाही, म्हणाले. स्क्रॅपमधली जुनी पेटी निम्म्या पैशात मिळाली असती. तिच्यात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि दुसऱ्या चाव्या लिहिलेल्या असतात, त्या उतरवायला वेगळी खटपट, आणि ती कुठल्या पुरातून आली ते कुणाला ठाऊक? हा मुद्दा मला पटला. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे 2019 नंतर पुरात बुडालेल्या गाड्यांचे पार्ट हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून नवीन. पार्ट नंबर त्यांनी जुन्या पेटीच्या चिकटपट्टीवरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतला, कारण मागचा वायपर असलेली आणि नसलेली, फॉग लाईट असलेली आणि नसलेली गाडी, यांच्या पेट्या बाहेरून सारख्या दिसतात आणि नंबरात शेवटच्या अक्षराचा फरक असतो. पुण्याहून यायला सहा दिवस लागले. तेवढ्यात कारपेट आणि फोम बाहेर काढून वाळवला, भोक मोकळं केलं, तडकलेला सीलंट खरवडून नवा भरला, हिरव्या पडलेल्या पिनांची समोरची टर्मिनल बदलली. मग बागेच्या पाईपनं काचेवर वीस मिनिटं पाणी सोडलं आणि पोरगी आत टॉर्च घेऊन पालथी पडून राहिली. एक थेंब आला नाही.

एक छोटी गोष्ट त्यांनी केली ती मला सगळ्यात आवडली. वायरिंगची क्लिप सोडवून त्यांनी ते कपलरच्या खाली चार बोटं उतरू दिलं आणि मग वळवून वर कपलरमध्ये आणलं. उद्या कुठून पाणी आलंच तर ते तारेवरून ओघळत सगळ्यात खालच्या वळणावर येईल आणि तिथून टपकेल, कपलरपर्यंत चढणार नाही. पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं. सलाईनची नळी लावताना आम्ही खाली एक वळसा सोडतो, त्याची आठवण झाली.

पेटी बसवणं म्हणजे दोन बोल्ट आणि तीन कपलर. खरं काम कोडिंगचं. नवी पेटी कोरी येते. तिला आपली गाडी कोणती, चेसिस नंबर काय, मागचा वायपर आहे का, हे सगळं शिकवावं लागतं. मिस्त्रींनी जुनी पेटी अधूनमधून बोलत होती तेव्हाच तिच्यातली सगळी माहिती वाचून लॅपटॉपवर ठेवली होती. ही सावधगिरी मोठी. पेटी पूर्ण मेल्यावर ती माहिती मिळवणं अवघड जातं. लिहिताना बॅटरीला चार्जर लावून ठेवला, पंखा बंद, लाईट बंद, दाराला कुणी हात लावायचा नाही. मधेच व्होल्टेज पडलं तर अर्धवट लिहिलेली पेटी कायमची निकामी होऊ शकते. त्या वीस-पंचवीस मिनिटांत गाळ्यात कुणी बोललं नाही. शेजारची लेथ तेवढी चालू होती.

चाव्यांचं मात्र माझ्याकडून राहिलं. चाव्या शिकवताना सगळ्या चाव्या हजर लागतात, जी नसेल ती गाडी विसरते. माझी दुसरी चावी गडहिंग्लजला आईकडं. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी सहा दिवसांत कधीही आणली असती. त्यांनी ते कोडिंगच्या दिवशी सकाळी सांगितलं. भाऊ एसटीनं चावी घेऊन आला, तोवर संध्याकाळ. एक दिवस वाया गेला आणि तो त्यांच्या न सांगण्यामुळे गेला.

आणखी काही तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. गाडी अकरा दिवस त्यांच्याकडं होती, त्यातले निम्मे पार्टची वाट बघण्यात गेले हे मान्य, पण ‘आज काय झालं’ हे कळायला मला प्रत्येक वेळी उद्यमनगरला जावं लागलं. तेवढे दिवस मी भावाच्या मोटरसायकलवर रेनकोट घालून फिरले. बसायला एक स्टूल आहे, त्यावर बहुतेक वेळा एखादा अल्टरनेटर ठेवलेला असतो. कारपेट परत बसवताना एक क्लिप राहिली, डाव्या पायाजवळचं प्लास्टिक खडबडीत रस्त्यावर करकर वाजायचं. आणि कोडिंगनंतर मागचा वायपर चालेना. तो दुसऱ्या दिवशी नेल्यावर दहा मिनिटांत चालू करून दिला, क्लिपही लावली, पैसे घेतले नाहीत.

हिशोब असा. बीसीएम 16,850, त्याचं पक्कं बिल पार्टवाल्याचं, माझ्या नावावर. कोडिंग आणि चाव्या 3,500. मजुरी, कारपेट काढण्या-घालण्यासकट, 4,200. सीलंट, टर्मिनल, क्लीनर 900. एकूण 25,450. मजुरीचं बिल हातानं लिहिलेलं होतं, पण प्रत्येक ओळीला काय केलं ते लिहिलेलं. जुनी पेटी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी ती दवाखान्याच्या कपाटात ठेवलीय. ज्यांना ‘मॉड्युल गेलं’ म्हणून सांगितलं जातं त्यांना तो हिरवा थर दाखवते.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा फोन न उचलण्याचा आणि चावीचा.

तिथं जाणार असाल तर बिघाड कधी होतो, पावसात का उन्हात, चढावर का उतारावर, हे आठवडाभर वहीत लिहून घेऊन जा, ते पहिलं तेच विचारतात. सकाळी साडेदहाच्या आधी गाळा उघडत नाही, सोमवारी बंद. घाई असेल तर जाऊ नका, ते मीटर लावल्याशिवाय तोंडातून शब्द काढणार नाहीत. आणि गाडीच्या दोन्ही चाव्या घेऊन जा.